डाव्या हाताचा स्टार

माझं अक्षर चांगलं आहे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढं जे काही झालं ते या अक्षरापायीच झालं, म्हणून आधीच सांगून टाकते. गारखेड्यातल्या ज्या शाळेत मी चौथीला शिकवते, तिथं दर्शनी फळ्यावरचा सुविचार मी लिहिते. स्नेहसंमेलनाची प्रमाणपत्रं माझ्याकडं येतात. शाळेतल्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकांच्या पाकिटांवरची नावंसुद्धा त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली. पिशोरच्या मेंढपाळाची पोर मी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पेन धरलं नव्हतं. मेंढरांमागं फिरताना सपाट दगड दिसला की मी कोळशानं त्यावर गिरवत बसायची. त्या अक्षरानं मला डी.एड.ला नेलं, नोकरी दिली, शहरात आणलं. त्यामुळं मेहनत घेतली की हाताला सगळं येतं, आणि ज्याला येत नाही तो आळशी, अशी माझी पक्की समजूत होती. वर्गात मी ती तावातावानं बोलूनही दाखवायची.

मग माझी मुलगी दुसरीत गेली.

ती माझ्याच शाळेत. तिच्या वर्गशिक्षिका स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. मुलीचं अक्षर म्हणजे एक ओळीच्या वर, एक खाली, आणि तिसरं दोन ओळींच्या मधे कुठंतरी कलंडलेलं. पेन्सिल ती मुठीत धरायची आणि इतकी दाबायची की दिवसात दोन-तीनदा टोक मोडायचं. तीन ओळी लिहून झाल्या की बाकावर डोकं टेकायची. वहीत लाल पेनानं शेरा यायचा, ‘अक्षर सुधारणे आवश्यक. पालकांनी लक्ष द्यावे.’ पालक म्हणजे मी, शेरा देणाऱ्या बाईंच्या शेजारी बसून चहा पिणारी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

आता मागं वळून बघते तेव्हा सगळं लख्ख दिसतं. तेव्हा मात्र माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं. तिला शर्टाची बटणं लावता येत नव्हती, पण सकाळी वेळ कुणाला असतो? त्यात नळाला पाणी येण्याचा दिवस असला तर घरात नुसती पळापळ. मी तिला पुढ्यात ओढायची आणि चार सेकंदांत सगळी बटणं लावून टाकायची. वरण-भात खाताना अर्धा अंगावर सांडायचा, म्हणून मी भरवायची. मोज्याची शिवण बोटांना लागते म्हणून रोज रडारड, तर मी मोजे उलटे करून घालायची. मिक्सर लावला की ती कान दाबून गॅलरीत पळायची. मी म्हणायची, नाजूक आहे. कॉलनीच्या बागेत झोक्यावर कधी बसली नाही. मी म्हणायची, भित्री आहे. जेवताना, अभ्यास करताना, बसल्या जागी खुर्चीवरून खाली पडायची. यावर तिच्या बाबांचं एकच, “मीपण लहानपणी असाच होतो.” ते वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जातात. बागेत, शाळेत तिला बघायची वेळ त्यांच्यावर फारशी यायचीच नाही.

आणि डबा. जूनपासून तिचा डबा भरलेला परत येत होता. भेंडी दिली, परत. बटाटा दिला, परत. पोळीचा रोल करून दिला, तोही परत. “एवढी मी पहाटे उठून मरते आणि तुला किंमत नाही,” हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा तरी म्हणत असेन. ती काही बोलायची नाही. दप्तर कोपऱ्यात ठेवून ताटावर बसायची आणि मी भरवला तेवढा घास अधाशासारखा खायची.

माझे हात भारी चपळ. इतके, की तिच्या हातांना काय जमत नाही हे घरात कुणाला कळलंच नाही. मलाही नाही.

डिसेंबरात आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं आणि नंतर काही दिवस धुळीत जायचं नव्हतं, म्हणून त्यांना आमच्याकडं राहणं भाग होतं. आयुष्यभर उघड्यावर राहिलेला माणूस दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये काळा चष्मा लावून बसला. नुसतं बसवत नाही म्हणून येताना लोकर घेऊन आले होते. दिवसभर टकळी फिरवत सूत कातायचे. डोळ्यावर पट्टी असतानाही त्यांचा धागा एकसारखा यायचा. नातीसाठी त्यांनी एक घोंगडीही आणली होती. लोकर त्यांच्याच मेंढरांची, सूत त्यांनीच कातलेलं, गावातल्या विणणाऱ्याकडून मुद्दाम लहान करून घेतलेली. आमच्यात घोंगडी म्हणजे साधी गोष्ट नाही. देवाची पूजा तिच्यावर, लग्नाची बोलणी तिच्यावर, दारात आलेल्या पाहुण्याला पहिली तीच अंथरायची.

आबांनी ती हॉलमध्ये पसरली आणि नातीला म्हणाले, “ये माय, बस.”

तिनं एक पाऊल टाकलं आणि विस्तवावर पाय पडल्यासारखी ओरडून मागं सरली. “टोचतंय!”

आबा हसले. “टोचनारच. लोकर हाय ती. दोन दिसांत सवय हुईल.”

मला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. पोर शहरात वाढली, आता हिला आजोबांची घोंगडी टोचते, हेच माझ्या डोक्यात घुसलं. मी तिला उचललं, घोंगडीवर बसवलं आणि खांदे दाबून धरले. “बस म्हणते ना!” ती ताठ झाली, ओठ पांढरे पडले, आणि भडाभडा ओकली. सगळं घोंगडीवर.

आबांनी घोंगडी उचलली, मोरीत नेऊन स्वतः धुतली. त्यानंतर ती त्यांनी तिच्यासमोर परत अंथरली नाही. घडी करून स्वतःच्या बुडाखाली घ्यायचे. त्यांना लागलं होतं. मला त्यांचं दिसलं. पोरीचं काय झालं ते नाही दिसलं.

जानेवारीत पालकसभा होती. दुसरीच्या प्रत्येक मुलाचं ‘माझे घर’ या विषयावरचं दहा ओळींचं पान वर्गाच्या भिंतीवर लागणार होतं. सगळ्या पालकांसमोर. पालकांतले निम्मे मला ओळखणारे, सुविचारवाल्या मॅडम म्हणून. आदल्या संध्याकाळी मुलीनं दोन तासांत तीन ओळी लिहिल्या. खोडून खोडून वहीच्या पानाला भोक पडलं. मी रागानं पान फाडलं, नवं पान काढलं, तिच्या हातातून पेन्सिल घेतली.

आणि ती माझ्या डाव्या हातात धरली.

उजव्या हातानं लिहिलं असतं तर लगेच ओळखू आलं असतं ना! डाव्यानं लिहिलं की लहान मुलानं लिहिल्यासारखं वेडंवाकडं येईल, असा माझा हुशारीचा हिशेब. दहा ओळी काढेपर्यंत माझी फे फे उडाली. पेन्सिल बोटांत राहीना, रेघ जाईल तिकडं जाऊ लागली, मनगट ठणकायला लागलं, कपाळावर घाम आला. चौथ्या ओळीला मी चिडून पेन्सिल आपटली आणि पुन्हा उचलली. मुलगी टेबलाच्या पलीकडं बसून सगळं बघत होती. ती माझ्या हाताकडं बघत होती, चेहऱ्याकडं नाही. माझं काम झाल्यावर ती उठून आबांजवळ जाऊन बसली.

तीन दिवसांनी ती वही परत घेऊन आली. पान भिंतीवरून उतरवून वहीत चिकटवलेलं, आणि खाली कोपऱ्यात चकचकीत सोनेरी स्टार. “बघ बघ, स्टार मिळाला!” मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याला काही मर्यादा नाही.

ती म्हणाली, “तो तुझाय.”

“तू असं तीन ओळींत दमतेस म्हणून मला करावं लागलं,” मी भडकले. “आळस सोड, मेहनत कर, मग तुला तुझा मिळेल. हात आहेत ना देवानं दिलेले?”

“माझे हात वाईटेत,” ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात. पाऊस नाही, वीज गेली, असं सांगावं तसं.

ती आत गेल्यावर आबांनी टकळी खाली ठेवली. आबा मला कधी रागावत नाहीत. तेव्हाही आवाज चढला नाही.

“यवढ्या दिसांपासनं ऐकायलोय मी. आळशी, आळशी. आगं, कोकरू कळपाच्या मागं ऱ्हायलं तर त्येला तू आळशी म्हनली असतीस व्हय? मागं लांडगा असतो. मागं ऱ्हायची हौस कुनालाच नसती.”

मी वही मिटली.

“काय करायची तू बारीक असताना? मागं ऱ्हायलेल्या कोकराला?”

“खूर बघायची,” मी म्हणाले.

ते माझंच काम होतं. सात-आठ वर्षांची असल्यापासून. मेंढपाळ कळपाच्या पुढं चालत नाही, मागं चालतो. मागून सगळ्यांचे पाय दिसतात. एखादं कोकरू रेंगाळलं की त्याला काठी मारायची नाही. धरून पाय उचलायचा, खुराच्या फटीत बाभळीचा काटा आहे का बघायचा. काटा नसला तर तोंड उघडून बघायचं. तिथंही काही नसलं तर त्याला सोडून द्यायचं आणि तीन दिवस त्याच्या मागं चालायचं. हाकायचं नाही, उचलायचं नाही, नुसतं बघायचं. तिसऱ्या दिवसापर्यंत कुठं अडतं ते कळतंच.

“मंग तसंच कर,” आबा म्हणाले. “तीन दिस. तोंड उघडायचं नाय अन् हात लावायचा नाय. तुला लई जड जाईल, पर कर.”

लई म्हणजे लईच जड गेलं. पहिल्या सकाळी मी तिला शर्ट दिला आणि दाराला टेकून उभी राहिले. ती बटण काजाजवळ आणायची आणि ते बोटांतून निसटायचं. पुन्हा आणायची, पुन्हा निसटायचं. तिचं बटणाकडं लक्ष होतं, जीभ दातांत धरली होती, मानेवर घाम होता. आळशी माणसाला असा घाम येत नाही, हे कळायला मला शिक्षिका असायची गरज नव्हती. शेवटी शाळेची वेळ टळू लागली तेव्हा आबांनीच तिची बटणं लावून दिली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्या वर्गाच्या खिडकीशी थांबले. तिनं डबा काढला. चारही बाजूंनी कडक क्लिपा असलेला तो डबा मीच आणला होता, रस्सा सांडू नये म्हणून. तिनं अंगठ्यानं एक क्लिप उचलायचा प्रयत्न केला. नाही उचलली. डबा पोटाशी दाबून दोन्ही हातांनी ओढलं. दातांनी ओढून बघितलं. मग इकडंतिकडं नजर टाकली, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून. डबा दप्तरात ठेवला, बाटलीतलं पाणी प्यायली, आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसून राहिली. बाकीची पोरं जेवत होती.

तिला डबा उघडता येत नव्हता. जूनपासून.

मी शिक्षकांच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. पुढचा तास माझा होता, तो शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी घेतला.

तिसऱ्या दिवसाची वाट मी बघितली नाही. संध्याकाळी तिला विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?”

ती म्हणाली, “तू म्हटली असतीस प्रयत्न कर.”

खरं होतं. तेच म्हटलं असतं.

मुलांच्या डॉक्टरांनी तिचे डोळे आणि कान तपासून घेतले. दोन्ही ठीक होते. मग त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीसाठी चिठ्ठी दिली. तिच्या बाबांना हे नाव काही पटलं नाही. “सात वर्षांच्या पोरीला हे काय शिकवणार?” मी म्हणाले, “डबा उघडायला.” त्यांना मी खिडकीतून जे बघितलं ते सांगितलं. त्यांनी उठून तो क्लिपांचा डबा कचऱ्यात टाकला.

छावणी भागातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर ते सेंटर होतं. जमिनीवर गाद्या, छताला टांगलेला झोका, एका टबमध्ये तांदूळ, एकात राजमा. थेरपिस्ट वयानं माझ्यापेक्षा लहान होती. तिनं मुलीला लिहायला सांगितलंच नाही. तांदळात हात घालतेस का विचारलं. मुलगी नको म्हणाली. “बरं, मग चमच्यानं उकर,” ती म्हणाली, आणि मुलीनं उकरलं. अर्धा तास दोघी खेळल्या. मी कोपऱ्यात बसून ताटकळत होते की ही काम कधी सुरू करणार.

मग मला प्रश्न सुरू झाले. स्वतः जेवते का? कपडे घालते का? आंघोळीला, केस विंचरायला, नखं कापायला त्रास देते का? इतर मुलांत खेळते का? पडते का खूप? एवढे साधे प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते. दर उत्तरामागं माझं ‘पण’ यायचं. पण घाई असते, पण नाजूक आहे, पण बाबाही असेच होते. ती सगळं लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, “शाळेची वही आणलीय का?”

वही पिशवीत होती. काढताना मला आठवलं की त्यात ते पान आहे.

तिनं एकेक पान उलटलं. सुरुवातीची पानं, खोडलेली, फाटलेली. मग ते पान आलं. ती थांबली. मागच्या पानाशी ताडून बघितलं. “हे बरंच वेगळंय,” ती म्हणाली. “हे हिनंच लिहिलंय का?”

मुलगी झोक्याशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ती काही बोलली नसती, हे मला माहीत होतं. गप्प राहायची तिला चांगली सवय झाली होती, आणि ती मीच लावली होती. मी हो म्हटलं असतं तर पुढची सगळी मदत एका खोट्या पानावर उभी राहिली असती. शिवाय आपल्या हातांपेक्षा आईचं अक्षर महत्त्वाचं, हे तिला कायमचं कळलं असतं. हे सगळं मला त्या क्षणी इतकं नीट सुचलं होतं असं नाही. मला फक्त तिचे डोळे दिसत होते.

“मी लिहिलंय,” मी म्हणाले. “डाव्या हातानं. शाळेत लाज वाटू नये म्हणून.”

थेरपिस्टनं मान हलवली. रागावली नाही, हसलीही नाही. मला वाटतं तिनं असं बरंच काही ऐकलेलं असावं. म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. मॅडम, आळस असता ना, तर तो खेळताना गेला असता. हिला खेळतानाही तितकंच अवघड जातंय.”

मी विचारलं, आम्ही उशीर केला का? ती म्हणाली, “एखादी गोष्ट एखाद्या मुलाला उशिरा येते, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण जेवण, कपडे, खेळ, लिहिणं, रोजचंच रोज अडायला लागलं, आणि मूल ते लपवायला लागलं, की विचारायला यायचं. नुसतं विचारायला. तुम्ही आलात ना.” घोंगडीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काही मुलांना स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतो, आपल्याला खरखरीत लागतं ते त्यांना खरंच दुखतं. तिच्या अडचणीला नाव काय द्यायचं ते पुढं बघू, आधी तिचा दिवस सोपा करू. निघताना मला एकच गृहपाठ दिला, “ती काही करत असेल तेव्हा तुमचे हात मांडीखाली ठेवा.” मला खिडकीतली माझी पोर आठवली.

घरी आल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. त्यांनी नातीला जवळ बोलावलं. “मला वाटलं तुला आबाच्या घोंगड्याची लाज वाटती,” ते म्हणाले. “तुला दुखत व्हतं व्हय? मला कळलंच नाय बघ. चुकलं माझं, माय.” ती म्हणाली, “मला लाज नाय वाटत.” आणि त्यांची टकळी थांबवून तिनं एक बोट लोकरीला लावलं, पटकन काढून घेतलं. तेवढ्यानं आबा खूश.

मग मला शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना सांगायचं होतं. चहाच्या वेळी सांगून टाकलं, ते पान माझं होतं. त्या म्हणाल्या, “माहितीय. तुमचं वळण डाव्या हातातूनसुद्धा लपत नाही.” “मग स्टार का दिलात?” त्या जरा चाचरल्या. “तुम्हाला तोंडावर कोण सांगणार, मॅडम?” मी चिडणार होते. मग लक्षात आलं, याच चिडण्याला त्या भ्यायल्या होत्या. त्यांनी त्या आठवड्यापासून मुलीला दहाच्या जागी तीन ओळी दिल्या, पाय जमिनीला टेकतील असा बाक दिला, आणि लाल पेन तिच्यापुरतं बंद ठेवलं.

आठवड्यातून दोन दिवस स्कूटीवरून गारखेडा ते छावणी. घरी भाकरीचं पीठ मळायचं, सुरुवातीला चिकटतं म्हणून ती किंचाळायची. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मळू लागली. दोरीवर कपड्यांना चिमटे लावायचे. लसूण सोलायचा. कागदावरची स्टिकर्स नखानं उचलायची. हे तिला सगळ्यात नावडतं, कारण ती निघायचीच नाहीत. सगळं पुढंच जात होतं असं नाही. मार्चमध्ये आठ दिवस तिनं कशालाच हात लावला नाही, आणि मी एकदा ओरडलेही. पण ओरडून झाल्यावर माफी मागितली, हे आमच्या घरात नवीन होतं. आबा पिशोरला परतले तेव्हा घोंगडी ठेवून गेले. आम्ही तिच्यावर जाड सुती चादर टाकतो. चादर असली तर ती बसते. नसली तर अजूनही नाही, आणि आता कुणी बसवतही नाही.

माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी आहे, तिची वही कधीच पूर्ण नसते. तिला मी वर्षभर काय काय बोलले असेन ते आठवलं की अंगावर काटा येतो. मी तिच्या आईला बोलावलं आणि आरोप न करता पहिल्यांदा नुसतं विचारलं, घरी ती कशी जेवते, कशी खेळते. त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली एक दुपार. मी भाजी निवडत होते. मुलगी जुनं दप्तर उपसत होती. तिनं ती वही काढली, ते पान उघडलं, जमिनीवर पोटावर पालथी झाली आणि कोपऱ्यातल्या स्टारला नख लावलं. निघेना. मी भाजी बाजूला ठेवली आणि हात मांडीखाली घातले. तिनं दुसऱ्या बाजूनं नख घातलं. स्टारचं एक टोक उचललं, पुन्हा बसलं. अंगठा आणि पहिलं बोट, अंगठा आणि पहिलं बोट. कपाळावर घाम आला. माझे हात मांडीखाली वळवळत होते, मला ते दोन सेकंदांत जमलं असतं. पाचएक मिनिटं गेली असतील. शेवटी स्टार निघाला, कागदाचा थोडासा पापुद्रा घेऊन, पण अख्खा.

मला वाटलं ती तो फेकणार. नाहीतर स्वतःच्या वहीत लावणार. आता तिच्या हातांनी तो कमावलाच होता.

ती उठून माझ्याकडं आली. “हात काढ,” म्हणाली. मी मांडीखालून उजवा हात काढला. तिनं मान हलवली.

“तो नाही. डावा.”

मी डावा पुढं केला. तिनं स्टार माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर लावला आणि निघू नये म्हणून अंगठ्यानं दाबला.

“मम्मी, त्या हातानं तुला किती अवघड गेलं ना,” ती म्हणाली. “मी बघितलं होतं.”